नान्तेझाने हात लावलेला वजीर

युगांडात मोठ्या तळ्याकाठी नान्तेझा राहायची. नऊ वर्षांची, काटकुळी, अनवाणी. आई चांदीसारखे चिमुकले मासे वाळवायची, आणि तरी दोघी कितीदा अर्धपोटीच झोपायच्या. गरिबीत गोड काही नसतं, पोरांनो. कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

पण नान्तेझा बुद्धिबळ खेळायची. पुठ्ठ्यावर कोळशाने घरं आखलेली, सोंगट्या म्हणजे बाटल्यांची लाल-निळी बुचं. वाऱ्याने बुचं सरकायची, ती बोटाने नीट करत करत खेळायचं. गावात तिला हरवणारं कोणी उरलं नव्हतं. आता शहरात स्पर्धा होती. जिंकली तर शाळा फुकट. हरली तर शाळा बंद, आईसोबत मासे वाळवायचे.

निघायच्या सकाळी केळीच्या बागेत तिला जाळ्यात अडकलेला इवलासा पक्षी दिसला. जांभळा, हिरवा, सोनेरी. होडी सुटायची वेळ झाली होती, तरी तिने एकेक गाठ सोडवली. पक्ष्याची झाली परी, अंगठ्याएवढी, दवासारखी लुकलुकणारी.

"एक इच्छा देते," परी म्हणाली. "पण जय मागायचा नाही. आणि खोटं वागलीस तर इच्छा विझेल."

स्पर्धेच्या शेवटच्या डावात समोर मुगिशा होता, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला शहरी मुलगा. म्हणे, हिला खऱ्या सोंगट्या धरता तरी येतात का. थोड्या वेळाने नान्तेझाने सवयीने वाकडा वजीर बोटाने सरळ केला आणि झटकन हात मागे घेतला. स्पर्धेत न सांगता सोंगटीला हात लावला, की तीच हलवावी लागते. मुगिशा बुटाची नाडी बांधत होता. पंचांची पाठ होती. कोणीच पाहिलं नव्हतं.

इच्छेचं तिला आठवलंही नाही. शाळा आठवली, आई आठवली.

"मी वजिराला हात लावला," ती म्हणाली.

आता वजीर कुठेही नेला तरी मरणार होता. तिने बराच वेळ पट पाहिला आणि तो मुगिशाच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला. मुगिशाने हसत हत्तीने तो मारला. त्या नादात त्याच्या राजाची ओळ उघडी पडली, आणि नान्तेझाचा हत्ती सरळ तिथे जाऊन उभा राहिला.

"शह," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा पट पाहून, "आणि मात."

खिडकीत परी चमकली. आता माग, म्हणाली.

"शाळा तर मिळाली," नान्तेझा म्हणाली. "मला माझ्याहून भारी कोणीतरी खेळायला दे."

परी खुदकन हसली. गुलाबी, सोनेरी उजेड फुटला आणि परी त्यात विरून गेली. नान्तेझाने डोळे चोळले, तर समोरच्या खुर्चीत पांढऱ्या केसांची एक बाई सोंगट्या मांडत होती. देशाची जुनी विजेती.

"बस पोरी," बाई म्हणाली. "आज मी तुला हरवणार. उद्यापण. पुढचं तू बघ."

तिला हरवायला नान्तेझाला सहा वर्षं लागली. त्या वर्षी ती देशातली सगळ्यांत लहान मास्टर झाली. हरल्यावर बाईने आधी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग पोटभर जेवायला घातलं.