हिरूबायचा खडक

ओ पाव्हणे, चपला काढा आधी! कुठं उभे हाय ते तरी बघा. ह्या खडकावर बोटभर जागा सोडली नाय ह्या चिकटलेल्या शिंपल्यांनी, कालवांनी, आन मधीच ही दोन पावलं कोरी. इथं कालव धरतच नाय. का, ते ऐका.

लय मागं खाडीच्या तोंडाशी एक मुशी, तुमचा तो शार्क मासा, येऊन बसली म्हणे. होडीएवढी. जाळी फाडायची, माणूस ओढायची. तवाचा नाखवा, गावच्या होड्यांचा म्होरक्या, लखू घाबरला. म्हणाला, देव हाय, खाऊन जाईल. रोजच्या मासळीतली अर्धी टोपली ह्याच खडकावरनं तिला टाकायला लागला. फुकटचं खाऊन जातंय कोण? पोरं उपाशी, आन मुशी माजली. शेवटी लोकांनी गाव सोडायला भांडी बांधली.

लखूची सून हिरूबाय. ओहोटीला इथली कालवं फोडून पोर जगवत होती. ती टोपलीच्या आडवी उभी राहिली.

"मामंजी, आज एक मासा पाण्यात पडला तर मागनं मी पडेन."

"सूनबाय, बाजूला हो. भरती लागली. देवाशी पैज लावतेस?"

"कसला देव! खायला मिळंल तिथं फिरतंय ते. हे कालव बघा. नखाएवढं हाय, पण कोयतीनं फुटंल, जागा नाय सोडणार. तुम्हाला पाया पडायला मुशीच गावली?"

पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं. हिरूबाय हलली नाय. असं सांगतात, खालच्या कालवांनी तिचे तळपाय धरले. भुकेली मुशी अंगावर आली ती खडकावर घासली. कालवाची धार तुम्हाला काय ठाऊक! पोट फाटलं, पाणी लाल झालं, आन मुशी जी समुद्रात गेली ती गेलीच.

ओहोटीला लखूनं सुनेला उचललं, तर तळपायाची कातडी खडकालाच राहिली. जन्मभर लंगडली बाय. पण गाव इथंच राहिलं.

आजही आमच्यात समुद्राला नारळ देतात, मासा नाय. आन नवी सून आली की ह्या दोन पावलांवर अनवाणी उभी राहते. सासरा खाली पाण्यात, डोक्यावर रिकामी टोपली पालथी घालून. सून "चला मामंजी" म्हणंपर्यंत सासऱ्यानं हलायचं नाय.

हसताय काय? मी दोनदा उभा राहिलोय. धाकट्या सुनेनं तर गळ्यापर्यंत पाणी येऊ दिलं.