सुरक्षित वस्तीची रांग

त्या टेकाडावरचे उंदीर डोळ्यांची साक्ष मानत नसत. आपला कोण, परका कोण, जिवंत कोण आणि मेलेला कोण, याचा निवाडा नाकाने व्हायचा. बिळांत बारा महिने अंधार, तिथे डोळ्यांचा उपयोग काय, असं पूर्वजांनी ठरवून टाकलं होतं. त्याचा फेरविचार करावा, असं कधी कोणाला वाटलं नाही.

सदोबा गुरुजींनी नाकाची ही विद्या तीन पिढ्यांना शिकवली. पण दोन हिवाळ्यांमागे त्यांना मोठा ताप आला आणि जाताना तो त्यांचं नाक घेऊन गेला. तेव्हापासून गुरुजी दाणा की खडा हेसुद्धा चावून पाहत, आणि चावल्यावरही त्यांची खात्री होत नसे.

त्या वर्षी सापांनी टेकाडाचा पिच्छाच धरला. एका सकाळी सरपंच दौलोजींच्या बिळातून झटापटीचा आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. लोक धावले. उंबरठ्यावर रक्ताचं थारोळं होतं, पण आतून वास येत होता तो दौलोजींचाच, नेहमीपेक्षाही दाट, इतका की त्याखाली दुसरा वास लागतच नव्हता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"सरपंचांनी साप उभा फाडला," दारावरचा शिपाई खंडू म्हणाला. "घसा बसलाय त्यांचा. यापुढे हुकूम माझ्याकडून ऐकायचे."

हुकूम दोन आले. पहिला सुरक्षा दलाचा. सापाचा वास आला की पळायचं नाही. दहा जणांनी डोळे मिटून एकावर तुटून पडायचं. महिन्याभरात दलाने सापाची तीन पिल्लं फाडली आणि त्यांची आतडी ओढत गावभर मिरवली. दुसरा हुकूम नव्या वस्तीचा. सरपंचांच्या बिळातून मागे जी वाट जाते, तिच्या टोकाला साप पोचूच शकत नाही अशी जागा आहे. दर आठवड्याला एक कुटुंब तिकडे जाईल. कुटुंबं जाऊ लागली. परत कोणी आलं नाही.

"एवढी चांगली जागा सोडून कोण येतंय परत?" लोक म्हणत, आणि आपली पाळी लवकर लागावी म्हणून खंडूच्या मागेपुढे करत.

गुरुजींच्या लेकीची, येसूची तिकडे जायची पाळी पुढच्या महिन्यात होती. तिला चार पिल्लं होती. जागा कशी काय आहे, ते आधी सरपंचांना विचारावं म्हणून गुरुजी एका सकाळी त्यांच्या दाराशी गेले. खंडू नेहमीसारखा दाराकडे पाठ करून उभा होता. तेवढ्यात कोवळं ऊन तिरपं आत शिरलं. दौलोजींच्या अंथरुणात मुळीसारखं जाड वेटोळं पडलं होतं. त्यावर खवले होते. पापणी नसलेला एक डोळा होता. आणि खालच्या जबड्यातून एक शेपूट लोंबत होती, अजून हलणारी.

गुरुजी तडक घरी आले.

"येसू, आत सरपंच नाहीत. साप आहे."

"वास कसला आला?"

"मला वास येत नाही, ठाऊक आहे तुला."

"मग झालं तर." तिने पिल्लांच्या पाठी चाटायला घेतल्या. "आबा, डोळे फसवतात हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? आता म्हातारपणी उलटी शाळा घेताय होय?"

शेजारीण हसली. "गुरुजींना पाळी मिळाली नाही अजून. साप दिसायचाच."

गुरुजींनाही वाटलं, झाडाची मुळी असेल ती. पण मुळीच्या तोंडात शेपूट कुठून आली, हे कोडं त्यांना काही केल्या सुटेना. आपलं म्हणणं खरं की खोटं, याचा निकाल लागेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. या लोकांना पटेल असा पुरावा एकच, वास. सापाचा वास आला की पळा, हा त्यांनीच शिकवलेला पहिला धडा. तीन पिढ्या पळत आल्या होत्या. दलाची कवायत त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना रक्त बघवत नसे. तो सगळा तरुणांचा आरडाओरडा आहे, खरा वास आला की पाय आपोआप पळतील, अशी त्यांची खात्री होती. आयुष्यात त्यांना खात्री वाटलेली ही एकच गोष्ट.

पुढच्या कुटुंबाच्या पाठवणीच्या दिवशी सगळं टेकाड सरपंचांच्या दारापुढे जमलं. उतारावर दलाने फाडून फेकलेलं सापाचं एक पिल्लू सडत पडलं होतं. गुरुजी त्याच्यात लोळले. किती वास लागला ते त्यांना कळेना, म्हणून अंग निथळेपर्यंत लोळले आणि गर्दीच्या दिशेने धावत सुटले.

कोणी पळालं नाही.

सर्वांत जवळ येसू होती, आणि तिच्या मागे पिल्लं. तिने डोळे मिटले आणि गळ्याला दात लावले. तिचं नाव त्यांच्या जिभेवर येईपर्यंत गळा उरला नव्हता. मग बाकीचे नऊ तुटून पडले. कोणी कान उपटला, कोणी पोट फोडलं. पंजे हलायचे थांबले तरी दात थांबले नाहीत.

"पहिला चावा कोणाचा?" खंडूने विचारलं.

"माझा," येसू म्हणाली. ती धापा टाकत होती.

खंडूने उरलंसुरलं धूड ओढत नेलं आणि मागे न बघता दारातून आत ढकललं. आतून कोणीतरी ते हळूच ओढून घेतलं. गर्दीतून कौतुकाची कुजबुज झाली. सरपंच अजून साप खातात म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

"अशी धीराची बाई महिनाभर ताटकळत ठेवायची नाही," खंडूने जाहीर केलं. "आज पाळी येसूबाईंची."

येसूने तोंड पुसलं. गर्दीत तिने आबांना शोधलं. ते दिसले नाहीत. रुसून घरी बसले असतील, असं तिला वाटलं. तिने चारही पिल्लांना पुढे घातलं आणि वाकून ती आत शिरली.

आज खरी पाळी ज्यांची होती, ते कुटुंब दाराशीच खिळून राहिलं. त्यातल्या म्हातारीला हुंदका आवरेना.

"रडू नका, आजी," खंडू तिला समजावत होता, दाराकडे पाठ करून. "आज ना उद्या सगळ्यांचा नंबर लागणार आहे."