फितीमागचं औषध

फार पूर्वी एका रानात सर्पदंशावर औषध बनायचं. मडक्यात कोंडलेली घोणस काचेच्या पेल्याच्या कडेला चावून विष द्यायची. ते विष घोडीला थोडंथोडं टोचायचे आणि पुढे तिच्या रक्तातून औषध काढायचे.

एका सकाळी घोडीच्याच शिंगराला साप चावला. ती औषधाच्या नव्या कपाटाकडे धावली. कपाटाला लाल फीत बांधलेली होती.

"उद्घाटन व्हायचंय, ताई," राखणदार कोल्हा म्हणाला. "हत्तीसाहेब दुपारी येतील."

"अरे मेल्या, माझंच रक्त आहे त्यात!"

"म्हणून तर तुमचा सत्कार ठेवलाय."

शिंगरू दुपारपर्यंत टिकलं नाही. हत्तीने फीत कापली, घोडीच्या गळ्यात हार घातला. टाळ्या पडल्या.

मडक्यातून घोणस म्हणाली, "आणि विषारी म्हणून कोंडलंय ते मला!"