एकोणीस देशांत वाटलेला पत्ता

"पण भन्तेजी, पत्ता देण्यात भिण्यासारखं काय आहे?"

अच्युतराव दामल्यांनी तोऱ्यात विचारलं. साताऱ्याचे निवृत्त इंजिनिअर, बायको जाऊन चार वर्षं झालेली, आणि श्रीलंका हा त्यांचा एकोणिसावा देश. कँडीजवळच्या टेकडीवरच्या या विहारातले भन्ते मूळचे भंडाऱ्याचे. मराठी कानावर पडली आणि अच्युतरावांना भरूनच आलं. लगेच कार्ड काढून हातात ठेवलं. स्वभाव, दुसरं काय!

कार्डावर मोबाईल नंबर, घरचा पत्ता. मागे पेनाने लिहिलेलं: 'घर बंद असलं तरी जरूर या. किल्ली शेजारी नलूताईंकडे असते.'

भन्तेंनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"अशी किती जणांना दिलीत?"

"मोजतोय कोण! विमानात, बसमध्ये, हॉटेलात... आज सकाळी तर एकाने आपणहून मागितलं. मी परत कधी जाणार, घरी कोण असतं, सगळं अगदी प्रेमाने विचारत होता."

"सांगितलंत?"

"सांगितलं की. चार वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं हो."

भन्तेंनी कार्ड उलटं केलं.

"नलूताई कोण?"

"सत्तरीच्या आहेत. एकट्याच राहतात बिचाऱ्या."

"त्यांना विचारलं होतंत?"

अच्युतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढा शिकलेला माणूस, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिथूनच त्यांनी साताऱ्याला फोन लावला.

"नलूताई, माझं नाव सांगत कोणीही आलं, तरी दार उघडू नका. किल्ली आजच तुमच्या भावाकडे देऊन टाका. हो... चुकलंच माझं."

मग खिशातली उरलेली कार्डं काढून त्यांनी भन्तेंपुढे ठेवली.

"आता नाही कोणाला देणार. पण मग भन्तेजी... माझ्याकडे कोणी येणारच नाही. घर खायला उठतं हो."

"इतकी कार्डं वाटलीत. आलं कोणी?"

"...नाही."

भन्तेंनी चहाचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"माझं कार्ड कोणी दिलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मराठी बोलणारे भन्ते आहेत, एवढंच बसस्टँडवर ऐकलं. विचारत विचारत चढून आलो."

"मग झालं तर. चहा घ्या, निवतोय."