वडावरची तुंगा आणि उजळणारे वाळे

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा कान उघडे ठेवून ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच होती.

एका राज्यातली उमलत्या वयाची पोरं भारी आळसावली होती. ओसरीवर लोळायचं, पडल्यापडल्या पेरू खायचे, पाण्याचा तांब्यासुद्धा कुणीतरी हातात द्यायचा. राजाला घोर लागला. त्याने जादूचे वाळे घडवून घरोघरी वाटले. वाळा पायात घालून चाललं की त्यातला मणी उजळायचा. बसून राहिलं की विझायचा. "ज्याचा मणी सगळ्यांत लख्ख, त्याला दरबारात माझ्या शेजारी पाट!" अशी दवंडी पिटली गेली.

आणि खोटं कशाला बोला, पोरं उठली की! चालायलाही लागली.

गावाबाहेर एक जुना वड होता. तुंगा नावाची मुलगी आणि तिचे चार सवंगडी तिथे रोज सूरपारंब्या खेळत. एकाने शिवायला धावायचं, बाकीच्यांनी पारंब्या धरून वर पळायचं. पण वाळे आले आणि सवंगडी येईनासे झाले.

"पारंबीला लोंबकळून मणी उजळत नाही गं," ते म्हणाले. लंगडीही बंद पडली, कारण उचललेल्या पायातला मणी विझलेलाच राहायचा. सगळे मान खाली घालून रस्त्याने येरझाऱ्या घालू लागले. कुणी कुणाशी बोलेना. एका बेरक्या पोराने तर वाळा वासराच्या पायात अडकवला आणि स्वतः आंब्याखाली ताणून दिली. त्याचाच मणी सगळ्यांत लख्ख!

वडावर एकटी बसून तुंगाला रडू आलं. मग मात्र तिला सणसणून राग आला. तिने वाळा काढला आणि फांदीला टांगून ठेवला.

ही बातमी राजापर्यंत पोचली. तो लाकूडतोडे घेऊनच आला. "या झाडापायी पोरं वाया जातात. वड तोडा, इथे चालायला सरळ वाट करा! आणि तू आळशी पोरी, खाली उतर!"

"आळशी? मी?" तुंगा वरूनच कडाडली. "नाही उतरत! तुमच्या लख्ख मण्यांच्या पोरांना पाठवा वर. दिवस मावळेपर्यंत एकाने जरी मला शिवलं, तर खुशाल कुऱ्हाड घाला."

राजा हसला. "एवढंच ना?"

आंब्याखालचं पोरगं पहिलं पुढे झालं आणि हातभर चढून धपकन खाली आलं. सगळे खो खो हसले. मग दुसरा चढला, तिसरी चढली. तुंगा या पारंबीवरून त्या पारंबीवर! "अगं, धर तिला! तिकडून ये, तिकडून!" बघता बघता अख्खं गाव वडाभोवती गोळा झालं. पोरांचे गाल लाल झाले, गुडघे खरचटले, अंगाला घामाच्या धारा लागल्या. कुणी घरी जायचं नावच काढेना. दिवस मावळला, पण तुंगा काही सापडली नाही.

राजाने पोरांच्या पायांकडे पाहिलं आणि तो चक्रावला. "एवढा घाम गाळलात, आणि मणी विझलेले?"

"वाळ्याला जमिनीवरचं पाऊल तेवढं कळतं, महाराज," तुंगा म्हणाली. "तुम्हाला तर डोळे होते ना?"

दरबारी चरकले. राजाने मात्र मान खाली घातली. मग त्याने कुऱ्हाडी परत पाठवल्या, आपलं पागोटं उतरवून पारावर ठेवलं आणि विचारलं, "उद्या डाव माझ्यावर आला तर चालेल का गं?"

वाळे वासरांच्या पायात गेले. तिन्हीसांजेला चुकलेलं वासरू त्या उजेडात चटकन सापडायचं, आणि पोरं वडावर सापडायची.

तात्पर्य: ज्या मापात खेळ मावत नाही ते माप फेकून द्यावं, खेळ मोडू नये.