धुरपदाची सुई

फार पूर्वी, सुया माणसांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. डोंगरापायथ्याच्या वस्तीवर धुरपदा गोधड्या शिवून पोट भरायची. तिची जुनी सुई मोठी कसबी होती आणि तिला त्याचा ताठाही होता.

एके दिवशी शेजारची कोंडाबाई दाराशी आली. नवरा गेल्यापासून तिच्या पोरी अर्धपोटी झोपत होत्या. धुरपदाने ती सुईच तिच्या हातावर ठेवली आणि सुईला म्हणाली, "जा हिच्यासंगं. शिकव तिला."

सुई रुसली. नवख्या बोटांना सारखी टोचू लागली. कोंडाबाई रक्त पुसून हळूच म्हणाली, "माझंच चुकतंय, माये. पण तुझ्याबिगर मला कोन हाय?"

सुईचा राग निवळला. ती चुकलेला टाका दाखवू लागली, उसवून पुन्हा घालायला लावू लागली. होता होता कोंडाबाईची पहिली गोधडी बाजारात विकली गेली आणि पोरींना पोटभर भाकरी मिळाली.

धुरपदाचा हात दुसऱ्या सुईवर बसेना, म्हणून ती आपल्या सुईला न्यायला आली. सुईने कोंडाबाईच्या मांडीवरच्या नव्या गोधडीकडे पाहिलं. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ पडले होते.

"ऱ्हाऊ दे गं थोडे दिस," सुई म्हणाली. "हिचा टाका अजून वाकडाच पडतोय."

धुरपदाने टाक्यांवरून हात फिरवला, गालात हसली आणि रिकाम्या हाताने घरी गेली.