खालच्या कॉलेजचा मामा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशप्पथ. म्हणजे ज्याने सांगितली त्याने आईशप्पथ म्हणून सांगितली, आणि त्याच्या आईने त्याला खोट्या शपथांबद्दल दोनदा घराबाहेर काढलंय. तेव्हा साठ टक्के धरा.

एका गावात एक टेकडी होती. टेकडीवर एक कॉलेज आणि टेकडीखाली एक कॉलेज. दोन्हीकडे फुटबॉलची टीम होती.

वरच्या कॉलेजचं मैदान गालिच्यासारखं होतं. बूट नवे, जाळ्या नव्या, बॉल तर एवढे की दोन फुटले तरी कुणी वर बघायचं नाही. बसायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, अगदी स्वच्छ. स्वच्छ राहणारच, बसत कोण होतं?

खालच्या कॉलेजचं मैदान एका बाजूला उतरतं होतं. बॉल सोडला की आपोआप लिंबाच्या झाडाकडे जायचा. बूट ठिगळाचे. पण कप सात वर्षं खाली जात होता.

वरच्या कॉलेजच्या कोच सरांना या गोष्टीचा भयंकर हेवा वाटायचा. हरण्याचं दुःख वेगळं, ते चार दिवसांत जातं. सरांना त्रास व्हायचा तो आवाजाचा. रोज संध्याकाळी साडेपाचला खालून गलका उठायचा आणि टेकडी चढून थेट सरांच्या चहात पडायचा. मॅच नाही, काही नाही, नुसता सराव, तरी चारशे माणसं ओरडतायत! सरांच्या मैदानावर ओरडायला एक टिटवी होती. तीसुद्धा सर जवळ गेल्यावर.

"त्यांच्यात असं काय आहे?" सर बायकोला विचारायचे.

"चहा गार झालाय," बायको म्हणायची.

आठव्या वर्षी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. प्राचार्यांच्या हातात मोजायची टेप होती.

"सर, यंदा कप आला नाही तर मैदान लग्नाच्या लॉनला देतोय. स्टेज गोलपोस्टपाशी, पंगत सेंटरला. मी मापं घेतलीत."

"आणि टीम?"

"वाढपी लागतीलच की."

सरांना रात्रभर झोप लागली नाही. मैदान जाईल, पोरं जातील, आणि खालचे तसेच ओरडत राहतील. हे तिसरं सगळ्यात जास्त बोचलं. सकाळी त्यांनी ठरवलं, खालच्यांचं काहीतरी गुपित आहे, ते चोरायचं.

त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, नाकाखाली मिशी चिकटवली आणि खाली गेले. मिशी इतकी वाईट होती की ती खोटी असेल असं कुणाला वाटलंच नाही. खोटीच घ्यायची तर माणूस चांगली घेतो.

खालच्या पायऱ्यांवर एक भडंगवाली मावशी बसायची. तिने वरून खालपर्यंत बघितलं.

"कुणाकडचं पाव्हणं?"

"मी... मामा."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

"असू दे. पण मामा, हितं नुसतं बसायचं न्हाई. वरडायचं, न्हाईतर गवत उपटायचं. कायदा हाय."

सर शत्रूच्या टीमसाठी ओरडणार थोडेच? ते तीन दिवस गवत उपटत बसले. चौथ्या दिवशी कंबर गेली. नाइलाजाने तोंड उघडावं लागलं.

समोर एक डावखुरा पोरगा पेनल्टी मारत होता आणि प्रत्येक बॉल आडव्या दांडीवरून लिंबात घालवत होता. पायऱ्या "शाब्बास! शाब्बास!" करत होत्या. सरांना कौतुकाचं काही सुचेना. हेव्याने आलेल्या माणसाला दोषच दिसतात, आणि फार स्पष्ट दिसतात.

"ए डावखुऱ्या!" सर ओरडले. "मारताना मान वर कशाला करतोस? ढगात पाव्हणे राहतात का तुझे? मान खाली!"

पायऱ्या खो खो हसल्या. पोरानं कान पकडला, मान खाली घातली, बॉल जाळीत. मावशीनं सरांच्या हातात भडंगाचा पुडा ठेवला.

"मामा, तुमची नजर लई बारीक हाय."

असणारच. प्रेमाने बघणारा माणूस अधूनमधून शेंगा सोलतो. जळणारा माणूस पापणी हलवत नाही.

मग सर रोज जायला लागले. वर आपल्या पोरांना सांगायचे, "पळा, दहा फेऱ्या," आणि निघायचे. थांबा म्हणायला कुणी नसायचं, त्यामुळे काही पोरं तीस-चाळीस फेऱ्या मारून, घरी विचारून, परत येऊन पळायची.

खाली सर एका वहीत सगळं टिपून घ्यायचे.

"सोमवार. शिंप्याने गोलकीपरची फाटलेली चड्डी मैदानातच शिवून दिली. चड्डी अंगावरच होती. गुपित सापडलं नाही."

"बुधवार. डावखुऱ्याला ताप. चाळीस माणसं त्याच्या घरी बसली, डॉक्टरला आत शिरता येईना. पोरगं लाजेने बरं झालं. गुपित सापडलं नाही."

"शनिवार. टीम हरली. तरी कुणी घरी गेलं नाही. आधी सगळ्यांनी पोरांना शिव्या दिल्या, मग भजी दिली. गुपित सापडलं नाही."

चार महिन्यांत वही भरली. गुपित सापडलं नाही. पण डावखुरा आता मामाकडे बघितल्याशिवाय पेनल्टी मारत नव्हता.

फायनल आली. टेकडीवर, वरच्या मैदानावर. समोरासमोर अर्थातच हीच दोन कॉलेजं.

सर आज मिशी काढून, ट्रॅकसूट घालून आपल्या टीमच्या बाकावर बसले. त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर प्राचार्य एकटे, टेप घेऊन. समोर खालचं अख्खं गाव ढोल घेऊन आलेलं. पण ढोल वाजेना. सगळे माना वळवून कुणालातरी शोधत होते. पहिल्या पायरीवर एक जागा टॉवेल टाकून धरून ठेवली होती.

"मामा आलं न्हाईत," मावशी प्रत्येकाला सांगत होती. "आजारी-बिजारी असतील. दोघं जण जावा की बघून या."

"राहतात कुठं?"

"ते कुठं कुणी इचारलंय?"

पायऱ्याच गप्प, मग पोरंही गप्प. पास चुकायला लागले. विसाव्या मिनिटाला वरच्या टीमचा एक बॉल रेफरीच्या टकलाला लागून गोलात गेला. एक-शून्य. प्राचार्यांनी टेप अर्धी गुंडाळली.

सरांनी समोर बघितलं. सात वर्षं ज्या आवाजाने चहा नासला तो आज बंद होता. फार छान वाटायला हवं होतं. नजर सारखी टॉवेलवर जात होती. टॉवेल त्यांचाच होता, काल खाली विसरलेला.

शेवटच्या मिनिटाला खालच्यांना पेनल्टी मिळाली. मारणार डावखुरा.

तो बॉल ठेवून पायऱ्यांकडे वळला. टॉवेलवर कुणी नव्हतं. त्याने कपाळ पुसलं, दोन पावलं मागे गेला, आणि सरांना दिसलं, पोराची मान वर चाललीय.

आता गप्प बसायचं होतं, बस. बॉल दांडीवरून जाणार, कप येणार, मैदान वाचणार. सरांनी दातांवर दात ठेवले. तोंडात रुमाल कोंबला. पोरगा धावला.

सरांनी रुमाल थुंकला.

"मान खाली, रे गाढवा!"

मान खाली. बॉल जाळीत. एक-एक.

सरांच्या आवाजाने टिटवी दचकून उडाली. मग मावशी उठून उभी राहिली.

"आगं बया! मामा तिकडं बसल्यात! मिशीबिगर!"

आणि चारशे माणसं एकदम ओरडली, "मामाऽऽऽ!" ढोल सुरू झाले. सरांची मान लाजेने छातीत गेली. प्राचार्यांनी टेप पुन्हा उलगडली.

टायब्रेकर लागला. वरच्या टीमचा गोलकीपर सरांजवळ आला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सर, त्याचं काय चुकतं ते तुम्हाला माहितेय. माझं काय चुकतं?"

सरांनी तोंड उघडलं. आठवून बघितलं. वही चाळली. पानंच्या पानं खालची पोरं. या पोराचं एक अक्षर नव्हतं.

"तू... छान खेळतोस," सर म्हणाले.

पोरगा नुसता "बरं" म्हणाला आणि गोलात जाऊन उभा राहिला. बॉल यायच्या आधीच उजवीकडे झोपायची सवय होती त्याला. पाचही वेळा झोपला. पाचही बॉल डावीकडून गेले. मावशीला माहीत होतं, शिंप्याला माहीत होतं, ढोलवाल्याला माहीत होतं. माहीत नव्हतं एकट्या त्याच्या कोचला.

कप आठव्यांदा खाली निघाला. जाताना मावशी सरांपाशी थांबली.

"काय हो मामा, फशिवलंत आमाला. वाईट वाटलं. पण जागा ठिवलीय तुमची. उद्या या."

सात वर्षं ज्याच्यासाठी जळले ते समोर उभं राहून बोलावत होतं. सरांचं एक पाऊल पडलंही तिकडे. मग त्यांनी मागे बघितलं. गोलकीपर गोलात एकटाच बसला होता आणि गवत उपटत होता. त्याला ऊठ म्हणायला कुणी नव्हतं.

"नाही जमायचं, मावशी," सर म्हणाले. "इथं कायदा लागू करायचाय."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला सर आपल्या स्वच्छ पायऱ्यांवर जाऊन बसले. चारशेंच्या जागी एक. बॉल आला, गोलकीपर झोपला.

"अरे, बॉल यायच्या आधीच आडवा होतोस! अंथरूण घालू का? पांघरूण आणू?"

पोरानं आधी मागे बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलतायत की काय. मग त्याच्या लक्षात आलं. कानापर्यंत हसला.

पण प्राचार्य शब्दाचे पक्के होते. मांडव घातलाच. नशिबाने कापड अर्ध्याच मैदानाला पुरलं. अर्ध्यात पहिलं लग्न आणि उरलेल्या अर्ध्यात सराव, दोन्ही एकाच वेळी.

आणि सर पायरीवरून ओरडत होते.

वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने खुर्ची वळवली. "कुणाला झापतायत हो?" मग त्याच्या भावाने वळवली. मग सगळ्यांनीच. मुलाकडचे एका गोलासाठी ओरडायला लागले, मुलीकडचे दुसऱ्यासाठी. "पास दे, पास दे!" नवरदेवाने मुंडावळ्या वर सारल्या आणि बॅकला जाऊन उभा राहिला. नवरी म्हणाली, "डावीकडचा मोकळाय, दिसत नाही का?" मुहूर्ताला अजून वेळ आहे असं सगळे म्हणत होते, फक्त भटजी म्हणत नव्हते. शेवटी त्यांनीच एकट्याने मंगलाष्टकं सुरू केली. ते "सावधान!" म्हणाले, गोलकीपर जागच्या जागी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा डावीकडचा बॉल अडवला. अक्षता त्याच्यावरच पडल्या.

तेव्हापासून लॉन बुक करायला आलेला माणूस आधी विचारायचा, "सराव असतो ना?" लग्न झालेली माणसं पुढच्या आठवड्यात लग्नाशिवायही यायला लागली. कुणी लाडू आणायचं, कुणी क्रेप बँडेज, आणि कुणाच्या पायाला काय झालंय हे पोराच्या घरच्यांआधी पायऱ्यांना कळायचं.

पुढच्या वर्षी फायनलला वरच्या पायऱ्यांवर सव्वीस लग्नांचं वऱ्हाड होतं. टायब्रेकरला गोलकीपरने पाचातले चार अडवले. नवव्या वर्षी कप टेकडीवर राहिला. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की हे सगळं मांडवामुळे झालं.

लोकांनी गोलकीपरला खांद्यावर घेतलं. सरांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आणि खोटं कशाला बोलायचं, सरांना त्या पोराचा थोडा हेवा वाटला. पण हा हेवा घरातला होता. त्यावर त्यांनी चहा प्यायला, गरम.

तात्पर्य: टीम मैदानात खेळते, पण घडते पायऱ्यांवर. दुसऱ्याच्या गर्दीवर जळायला जेवढे डोळे लागतात, तेवढे आपल्या पोरांकडे लावा. पहिली पायरी तिथेच भरते.

चला, गोष्ट झाली. आता काढा. गोष्टीचे दहा, तात्पर्याचे पाच. सुट्टे नाहीत? मग शनिवारी चार वाजता आपल्या कॉलेजची मॅच आहे, तिथे या आणि ओरडून फेडा. हळू ओरडलात तर व्याज लागेल.